दोघांनी वर्षभर जग फिरायचं तर : नागपुरातून निघण्याआधीची कामं, योग्य क्रमाने

लांबच्या प्रवासाला निघू पाहणारी जोडपी भेटली की पहिला प्रश्न ठरलेला असतो, "तिकिटं कितीला पडली?" आणि दुसरा, "राजीनामा कधी दिलात?" ही दोन्ही कामं यादीच्या तळाशी जायला हवीत. तिकीट आधी काढलं आणि व्हिसा अडकला, नोकरी आधी सोडली आणि अर्जाला जोडायला पगाराची स्लिपच उरली नाही, असं पुन्हा पुन्हा होताना दिसतं. पैशाअभावी मोडलेले बेत मी फार पाहिले नाहीत, क्रम चुकून मोडलेले बरेच पाहिलेत. तेव्हा हा लेख फक्त क्रमाबद्दल आहे. कुठे काय पाहावं ते इथे मिळणार नाही.

गृहीत असं धरलंय : दोघांकडे भारतीय पासपोर्ट, नागपुरात घर, आठ ते बारा महिन्यांचा प्रवास आणि वाटेत कुठेही नोकरी करायची नाही. तयारीला वर्षभर हाताशी ठेवा. व्हिसाचे नियम आणि शुल्क बदलत राहतात, म्हणून अर्ज भरायच्या दिवशी त्या देशाच्या अधिकृत संकेतस्थळावर एकदा ताडून घ्या.

## पायरी १ : दोघांची नावं सगळ्या कागदांवर एक करा

आपल्याकडे मधलं नाव वडिलांचं किंवा नवऱ्याचं असतं. घोळ तिथून सुरू होतो. बायकोच्या पॅनवर माहेरचं नाव, आधारवर सासरचं, पासपोर्टच्या 'दिलेलं नाव' या रकान्यात स्वतःचं आणि नवऱ्याचं असं जोडनाव, बँकेत फक्त आद्याक्षरं. नागपुरात राहून वीस वर्षं काही अडत नाही. व्हिसाच्या खिडकीवर मात्र समोरच्याला या चार वेगवेगळ्या बायका दिसतात.

सगळे कागद टेबलावर मांडा : दोघांचे पासपोर्ट, पॅन, आधार, बँकेचं पासबुक, आयकर विवरणपत्रं, लग्नाचा दाखला, घराचे कागद. पासपोर्टवरचं नाव प्रमाण धरा आणि बाकीचे कागद त्याला जुळवून घ्या. जुळवाजुळवीला तीन-चार महिने सहज जातात, कारण एक दुरुस्ती झाल्याशिवाय दुसरीचा पुरावा हाती येत नाही.

लग्नाची नोंदणी केली नसेल तर महापालिकेच्या झोन कार्यालयात आताच करून घ्या. लग्नाची पत्रिका आणि अल्बम परदेशी वकिलातीत चालत नाही. दोघांपैकी एकाचंच उत्पन्न असेल तर हा दाखला जास्तच महत्त्वाचा, कारण दुसऱ्याचा खर्च कोण करणार आणि का, याचं उत्तर त्यातच असतं.

पासपोर्ट नव्याने काढायचा असेल तर ६० पानांचा काढा. ३६ पानांच्या पुस्तिकेचं शुल्क १५०० रुपये आहे आणि ६० पानांच्या पुस्तिकेचं २०००. पाचशे रुपयांसाठी वर्षभर कोरी पानं मोजत बसण्यात अर्थ नाही. प्रवास संपायच्या तारखेपुढे किमान सहा महिने मुदत हवी. जुन्या, रद्द झालेल्या पासपोर्टमध्ये चालू व्हिसा असेल (अमेरिकेचा बहुधा असतो) तर दोन्ही पुस्तिका सोबत घ्या.

तपासा : विमानाच्या तिकिटावर नाव पासपोर्टप्रमाणेच, अक्षर न् अक्षर. आडनावाचा रकाना रिकामा असलेला पासपोर्ट आधी दुरुस्त करून घ्या. एकच नाव असलेल्या प्रवाशाला संयुक्त अरब अमिराती पर्यटक व्हिसावर प्रवेश देत नाही.

सरकारी किंवा निमसरकारी नोकरीत असाल तर परदेश प्रवासाची परवानगी ही वेगळी फाईल असते. ती साहेबांच्या टेबलावरून किती दिवसांनी हलते ते तुम्हालाच ठाऊक. अर्ज याच पायरीवर टाकून द्या.

## पायरी २ : मार्ग नकाशावरून नाही, व्हिसाच्या मुदतीवरून आखा

बहुतेक जण इथेच चुकतात, त्यामुळे इथे जरा जास्त वेळ थांबू.

भिंतीवर नकाशा लावून पूर्वेकडून पश्चिमेकडे रेघ ओढायला मजा येते. पण भारतीय पासपोर्टवर अवघड व्हिसे बहुतांशी भारतातूनच, म्हणजे आपण कायम राहतो त्या देशातूनच मागावे लागतात. शेंगेनचा, म्हणजे युरोपातल्या २९ देशांच्या सामाईक व्हिसाचा, नियमच तसा आहे. बँकॉकमध्ये पर्यटक म्हणून बसून फ्रान्सचा व्हिसा मागता येत नाही. अमेरिकेनेही २०२५ पासून मुलाखत आपल्या नागरिकत्वाच्या किंवा वास्तव्याच्या देशातच द्यायला सांगितलं आहे.

म्हणजे अवघड व्हिसे निघण्यापूर्वीच हातात हवेत. आणि प्रत्येकाची मुदत निराळी :

- शेंगेन : प्रवासाच्या जास्तीत जास्त सहा महिने आधी अर्ज करता येतो. म्हणून युरोप प्रवासाच्या पहिल्या सहामाहीत बसवावा लागतो. दहाव्या महिन्यात युरोप ठेवलात तर मध्येच भारतात येऊन अर्ज करावा लागेल.
- जपान : एकदाच प्रवेश देणारा पर्यटक व्हिसा मिळाल्यापासून तीन महिन्यांत वापरावा लागतो. जपान हवाच असेल तर तो सुरुवातीला.
- ब्रिटन : अर्ज प्रवासाच्या तीन महिने आधीपासून. नेहमीचा पर्यटक व्हिसा सहा महिन्यांचा.
- अमेरिका : व्हिसा दहा वर्षांपर्यंत मिळू शकतो, त्यामुळे तो मार्गात कुठेही बसतो. मुलाखत मुंबईत आणि तारखेसाठी वाट पाहावी लागते. म्हणून अर्ज सगळ्यांत आधी.
- ई-व्हिसाचे किंवा विमानतळावर व्हिसा देणारे देश : व्हिएतनामचा ई-व्हिसा ९० दिवसांपर्यंतचा, इंडोनेशियाचा ३० दिवसांचा आणि एकदा वाढवता येणारा. हे वाटेत काढता येतात. शेवटच्या महिन्यांसाठी हेच देश राखून ठेवा.

या क्रमाने देश लावले की रेघ वेडीवाकडी होते, एखादं विमान जास्तीचं पडतं. पडू द्या. मध्येच नागपूरला परत येण्यापेक्षा ते स्वस्तच आहे.

चालू अमेरिकन किंवा शेंगेन व्हिसा हाताशी असला की आणखी काही देश सोपे होतात. अमेरिकेच्या चालू व्हिसावर मेक्सिकोत वेगळा व्हिसा लागत नाही. जॉर्जिया अशा व्हिसावर १८० दिवसांत ९० दिवस राहू देतो आणि तुर्कस्तान ई-व्हिसा देतो. ही सवलत व्हिसा चालू असेपर्यंतच. वापरून संपलेल्या, एकाच प्रवेशाच्या शेंगेन व्हिसावर भिस्त ठेवून जॉर्जियातल्या तिबिलिसीचं तिकीट काढू नका.

### शेंगेनचे ९० दिवस मोजायचे कसे

नियम असा : कुठल्याही १८० दिवसांत जास्तीत जास्त ९० दिवस, आणि ते २९ देशांचे मिळून. देश बदलला म्हणून मोजणी नव्याने सुरू होत नाही. प्रवेशाचा दिवस आणि निघण्याचा दिवस दोन्ही धरायचे. 'तीन महिने' आणि '९० दिवस' एकच नव्हेत. जुलै-ऑगस्ट-सप्टेंबर धरलेत तर ९२ होतात.

व्हिसाच्या स्टिकरवर दोन वेगळ्या गोष्टी छापलेल्या असतात. एक, कोणत्या तारखेपासून कोणत्या तारखेपर्यंत, आणि दुसरी, त्या काळात राहायचे दिवस किती. पहिल्यांदा जाणाऱ्याला ९० मागूनही बरेचदा तिकीट-हॉटेलच्या तारखांपुरतेच दिवस मिळतात. समजा तारखा ५ मे ते १८ जून अशा आहेत आणि दिवसांच्या रकान्यात ३० लिहिलंय. तर तुम्हाला ३० दिवसच राहायचंय, १८ जूनपर्यंत नाही. १२ ऑक्टोबर २०२५ पासून युरोपने सीमेवर बोटांचे ठसे आणि फोटो घेऊन नोंद ठेवणारी यंत्रणा टप्प्याटप्प्याने आणली आहे. शिक्का पुसट होता, ही सबब आता चालायची नाही.

सावधान : व्हिसा जोडप्याला नाही, माणसाला मिळतो. एकाला मिळाला आणि दुसऱ्याला नाकारला, असं होतं. तसं झालं तर काय करायचं (तो देश गाळायचा, एकट्याने जायचं की पुन्हा अर्ज करायचा) हे अर्ज भरायच्या आधी ठरवा. नकाराचं पत्र हातात असताना ही चर्चा शांतपणे होत नाही.

## पायरी ३ : अर्ज, आणि तेही नोकरीत असताना

वकिलातीला एकच गोष्ट पटवायची असते : तुम्ही परत येणार. पगाराच्या स्लिपा, रजेचं मंजुरीपत्र, आयकर विवरणपत्रं, घराचे कागद हे सगळं त्यासाठीच. म्हणून आधी विनावेतन रजा मागून पाहा. मिळाली तर अर्ज भक्कम होतो आणि परतल्यावर जागाही असते.

रजा मिळणारच नसेल आणि नोकरी सोडणार असाल तर ते अर्जात लपवू नका. राजीनामा देऊनही 'नोकरीत आहे' असं लिहिणं पकडलं गेलं तर पुढच्या प्रत्येक देशाच्या फॉर्ममध्ये 'तुम्हाला कधी व्हिसा नाकारला आहे का' या प्रश्नापुढे तुम्हाला 'हो' लिहावं लागतं. त्यापेक्षा घर, ठेवी, आई-वडील आणि प्रवासाचं वेळापत्रक दाखवणारं सरळ, एका पानाचं पत्र द्या.

बँकेच्या स्टेटमेंटची तयारी अर्जाआधी सहा महिने सुरू होते. अर्जाच्या आठवड्यात सासऱ्यांकडून आलेले आठ लाख त्या कागदावर ठळक दिसतात. मुदत ठेव मोडून खात्यात टाकायची गरज नाही, ठेवीची पावती जोडा.

शेंगेनचा अर्ज ज्या देशात जास्त दिवस राहणार त्याच देशाकडे करायचा. दिवस सारखे असतील तर पहिल्या प्रवेशाच्या देशाकडे. 'अमुक देश पटकन देतो' म्हणून तिकडे अर्ज टाकायचा आणि राहायचं दुसरीकडे, हा सल्ला कोणीही दिला तरी घेऊ नका. अर्जासाठी बोटांचे ठसे द्यायला आपल्याला बहुधा मुंबई गाठावी लागते. दोघांची वेळ एकाच दिवशी घ्या आणि परतीची गाडी रात्रीची ठेवा.

तपासा : या टप्प्याला पक्कं तिकीट नको. रद्द करता येणारं आरक्षण पुरतं.

## पायरी ४ : रंगीत तालीम

व्हिशांच्या या धावपळीत पासपोर्ट आपल्या हातात असेल अशा वेळी तीन आठवडे बाहेर जाऊन या. व्हिएतनाम किंवा श्रीलंका चालेल. अट एवढीच की एकेकच बॅग घ्यायची, पहिल्या तीन रात्रींपलीकडे हॉटेल बुक करायचं नाही आणि रोजचा खर्च लिहायचा.

तालीम जागेची नसते, दोघांची असते. नागपुरात एकाचं ऑफिस, दुसऱ्याचं काही, रात्री जेवताना भेट. प्रवासात चोवीस तास एकाच खोलीत, दोघंही भुकेले आणि फोनला रेंज नाही. आमच्याकडे भांडणाची वेळ ठरलेली असते : नव्या गावात उतरल्यावरचा पहिला तास. त्यावरून निघालेला नियम असा, की उतरल्यावर आधी खायचं, मग रिक्षावाल्याशी घासाघीस, मग खोली. आणि आठवड्यातला एक दिवस दोघांनी वेगवेगळं हिंडायचं. आमच्या ओळखीतल्या काकूंना हे ऐकून धक्का बसला होता, पण वर्ष काढायचं असेल तर तो दिवस लागतोच.

तालमीतला रोजचा खर्च गुणिले दिवस, वर विमानं, व्हिसे, विमा आणि एका अचानक परतीचं तिकीट, हे तुमचं खरं अंदाजपत्रक. इंटरनेटवरचे दुसऱ्यांचे आकडे बाजूला ठेवा. आठवड्याला गाव बदलणारं आणि महिनाभर एका ठिकाणी खोली घेऊन स्वतः वरण-भात लावणारं जोडपं यांच्या खर्चात जमीन-अस्मानाचा फरक असतो.

## पायरी ५ : पैसे दोन नावांवर, दोन खिशांत

परदेशी पाठवलेल्या किंवा फॉरेक्स कार्डावर (परकीय चलनाच्या कार्डावर) भरलेल्या रकमेवर टीसीएस, म्हणजे बँकेने आधीच कापून घेतलेला कर, लागतो. १ एप्रिल २०२५ पासून एका आर्थिक वर्षात १० लाख रुपयांपर्यंत तो नाही, त्यापुढच्या रकमेवर अशा प्रवासाला २० टक्के आहे. ही मर्यादा प्रत्येक पॅनला वेगळी. म्हणून सगळी रक्कम नवऱ्याच्या खात्यातून भरण्याऐवजी दोघांच्या खात्यांतून विभागून भरा. कापलेला टीसीएस विवरणपत्र भरल्यावर करात वळता होतो किंवा परत मिळतो, पण तोवर पैसे अडकतात. बायकोच्या खात्यात पैसे वळवताना आणि परदेशातले दिवस मोजून कर-निवासी कोण ठरतं यासाठी सीएला एकदा विचारा. '१८२ दिवस बाहेर राहिलो की एनआरआय' हे ऐकीव गणित पर्यटकाला जसंच्या तसं लागू पडत नाही.

कार्डं दोघांची वेगळी, वेगळ्या बँकांची आणि वेगवेगळ्या पाकिटांत. परकीय नोटा साधारण ३००० डॉलरपर्यंतच नेता येतात, एवढ्या लागतही नाहीत.

परदेशातल्या एटीएमवर किंवा दुकानातल्या यंत्रावर एक प्रश्न येतो : रुपयांत आकारायचे की स्थानिक चलनात? रुपयांचा आकडा आपल्या भाषेत बोलल्यासारखा वाटतो आणि बोट तिकडेच जातं. यंत्राने लावलेला तो भाव जवळजवळ नेहमीच महाग असतो. स्थानिक चलन निवडा. एटीएमवर 'भाव मान्य नाही' असं बटण दाबलं तरी व्यवहार रद्द होत नाही, पैसे येतात.

ओटीपीचं काम निघण्यापूर्वी उरका. भारतीय सिमवर रोमिंग सुरू करा आणि रिचार्जची मुदत संपू देऊ नका. ९० दिवस वापर नसलेला नंबर कंपनी बंद करू शकते. बँकेचा ओटीपी फक्त एकाच्याच नंबरवर येत असेल तर दुसऱ्याचं स्वतंत्र खातं आणि स्वतंत्र नंबर करून घ्या. ज्याच्या फोनवर सगळं चालतं त्याचाच फोन चोरीला गेला तर दोघं एकदम खिशाने रिकामे होतात.

सावधान : भावाकडे कोऱ्या चेकवर सह्या करून जाऊ नका. ठरावीक कामांपुरतं मुखत्यारपत्र करून द्या.

## पायरी ६ : विमा, लस, डबा

'वार्षिक मल्टी-ट्रिप' नाव ऐकून तो विमा वर्षभराचा वाटतो. तसा तो नसतो. त्यात प्रत्येक फेरीला दिवसांची मर्यादा असते, बहुधा ३०, ४५ किंवा ६०. सलग प्रवासासाठी एकाच फेरीची पॉलिसी घ्या. ती साधारण १८० दिवसांची मिळते आणि पुढे वाढवता येते का, कोणत्या अटीवर, हे लेखी विचारा. पॉलिसी भारत सोडण्यापूर्वी घ्यायची असते. शेंगेनसाठी किमान ३०,००० युरोचं संरक्षण लागतं. बीपी, शुगर असेल तर खरं लिहा.

आफ्रिका किंवा दक्षिण अमेरिका मार्गात असेल तर पिवळ्या तापाची लस शासनमान्य केंद्रातच घ्या. दाखला लस घेतल्यानंतर १० दिवसांनी लागू होतो आणि आयुष्यभर चालतो. तो नसताना पिवळा ताप असलेल्या देशातून भारतात परतलात तर सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात ठेवतात.

औषधं मूळ वेष्टनात, डॉक्टरांच्या इंग्रजी चिठ्ठीसह. कोडीन किंवा ट्रामाडॉल असलेल्या गोळ्या अमिरातीत नियंत्रित आहेत.

आता डबा. आई निघताना सावजी मसाल्याची पुडी देतेच. त्यात खसखस असते आणि दुबई-शारजाहमध्ये खसखस बंदी घातलेल्या मालात मोडते. घरगुती मसाला खसखस न घालता वेगळा कुटून घ्या, आणि पुडी कोणी दिली तर काय काय घातलंय ते विचारा. संत्रा बर्फीही युरोपात नेता येत नाही. दुधाचे पदार्थ बाहेरून आणायला तिथे मनाई आहे. न्यूझीलंडमध्ये खाण्याची वस्तू जाहीर न करता नेली तर ४०० न्यूझीलंड डॉलरचा दंड जागेवर होतो. 'थोडंसंच आहे' हे उत्तर तिथे चालत नाही. फॉर्मवर लिहून टाका, फार तर वस्तू काढून घेतील.

स्कूटर चालवायची असेल तर आरटीओतून आंतरराष्ट्रीय परवाना घ्या : नमुना ४-अ, शुल्क १००० रुपये, मुदत एक वर्ष. मूळ परवान्यात दुचाकी नसेल तर त्यावरही नसते. हा परवाना जपानला चालतो, व्हिएतनामला चालत नाही.

## पायरी ७ : घर उन्हाळ्यासाठी बंद करा

घर भाड्याने देत असाल तर नोंदणीकृत भाडेकरार आणि पोलिस ठाण्यात भाडेकरूची माहिती, दोन्ही हवं. बंद ठेवत असाल तर नागपूरचा मे महिना धरून तयारी करा. पारा ४५च्या पुढे गेल्यावर बंद खोलीत काय होतं, त्याचा अंदाज निघताना डिसेंबरात येत नाही.

कूलरची टाकी कोरडी करा आणि गवत काढून टाका, नाहीतर पावसाळ्यात डेंग्यूचे डास तिथेच होतात. इन्व्हर्टरची बॅटरी सोडवून ठेवा. फ्रिज रिकामा, दार किंचित उघडं. सिलिंडरचा रेग्युलेटर काढलेला. गच्चीवरची टाकी रिकामी आणि मुख्य नळ बंद. पुस्तकांचं कपाट भिंतीपासून हात-दोन हात लांब सरकवा, वाळवी भिंतीतून येते. महावितरणचं बिल आणि मालमत्ता कर आगाऊ भरता येतो. एक चावी शेजारी, दुसरी नातेवाइकांकडे. महिन्यातून एकदा कोणीतरी खिडक्या उघडाव्यात आणि फोटो पाठवावेत.

## पायरी ८ : आता तिकीट, आता राजीनामा

व्हिसे हातात, विमा ठरला, घराची व्यवस्था लागली. आता पहिलं तिकीट काढा, फार तर दुसरं. अख्ख्या वर्षाची काढू नका. बऱ्याच देशांत उतरताना, आणि त्याआधी विमान कंपनीच्या काउंटरवर, पुढे निघण्याचं तिकीट मागतात. तेवढं दाखवता येईल असं ठेवा. नागपूरहून आखाती शहरामार्गे जात असाल तर पूर्ण प्रवास एकाच बुकिंगवर घ्या. वेगवेगळी तिकिटं घेतलीत तर सामान मध्ये उचलून पुन्हा द्यावं लागतं आणि त्यासाठी त्या देशाचा व्हिसा लागू शकतो.

बॅगा भरताना दोघांचे कपडे दोन्ही बॅगांत निम्मे-निम्मे. एक बॅग हरवली तरी दोघांकडेही अंगावर घालायला असतं. पासपोर्ट, व्हिसा, विमा आणि लग्नाच्या दाखल्याच्या प्रती एकमेकांच्या बॅगेत आणि फोनमध्ये ठेवा, आणि एक संच नागपुरात विश्वासाच्या माणसाकडे.

प्रवासात महिन्यातून एक दुपार कागदांना द्या : कुणाचा व्हिसा कधी संपतो, शेंगेनचे किती दिवस उरले, कार्डावर अनोळखी खर्च आहे का, सिमचा रिचार्ज कधीपर्यंत आहे. हे काम एकाकडेच ठेवू नका, आलटून पालटून करा. दोघांपैकी कोणी निवृत्तिवेतन घेत असेल तर नोव्हेंबरच्या पानावर हयातीच्या दाखल्याची नोंद करा. तो आता फोनवर चेहरा दाखवूनही देता येतो. नागपुरात असताना एकदा ते अ‍ॅप चालवून बघा, म्हणजे लिस्बनच्या खोलीत आधार क्रमांक आठवत बसावं लागणार नाही.